पापणीच्या पुनर्रचनेत लेसर: कुठे चालवायचा, कुठे नाही

"लेसरने करणार म्हणजे कापाकापी नाही ना?" पापणीच्या शस्त्रक्रियेआधी हा प्रश्न हमखास येतो. उत्तर असं की कापाकापी आहेच. पापणीवर वापरला जाणारा कार्बन डायऑक्साइड लेसर बहुतेक वेळा सुरीचंच काम करतो. फरक इतकाच की ही सुरी कापता कापता बारीक रक्तवाहिन्या बंद करत जाते. दुसरं काम पूर्ण वेगळं आहे: जुन्या व्रणाची, लावलेल्या कातडीची किंवा कलमाच्या कडेची पोत सुधारणं. यंत्र एकच असलं तरी दोन्ही कामांचे नियम वेगळे, सेटिंग वेगळी, धोकेही वेगळे. गोंधळ होतो तो या दोन्हींना सरसकट "लेसर ट्रीटमेंट" म्हटल्यामुळे.

आधी यंत्राबद्दल. हा लेसर १९६४ साली अमेरिकेत बेल लॅब्समध्ये सी. कुमार पटेल यांनी बनवला. त्यांचा जन्म बारामतीचा आणि अभियांत्रिकीची पदवी पुण्याची, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं. या लेसरची तरंगलांबी १०,६०० नॅनोमीटर. हा किरण पाण्यात शोषला जातो, आणि पेशी म्हणजे बहुतांशी पाणीच. त्यामुळे किरण कातडीत काही शतांश मिलिमीटरच्या पुढे जात नाही. जिथे पडतो तिथलं पाणी उकळून पेशींची वाफ होते. खरा प्रश्न वाफ झालेल्या भागाचा नसतो, त्याच्या शेजारी किती उष्णता पसरली याचा असतो. कातडीला मिळालेली उष्णता आजूबाजूला पसरायला साधारण एक मिलिसेकंद लागतो. ऊर्जा त्याहून कमी वेळात देऊन थांबलं, म्हणजे पल्स मोडमध्ये काम केलं, तर भाजलेली कड मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास राहते. सतत मोडमध्ये हात रेंगाळला की ती कित्येक पट रुंद होते, आणि भाजलेली कड टाके घालून जुळवली तरी नीट जुळून येत नाही.

एर्बियम लेसर (२९४० नॅनोमीटर) पाण्यात याहूनही दहा-बारा पट जास्त शोषला जातो. त्याने कड जवळपास भाजतच नाही, पण म्हणूनच रक्तही थांबत नाही. पापणीत सुरी म्हणून तो निरुपयोगी; व्रण घासून सपाट करायला चांगला.

पापणीवर लेसरची सुरी पहिल्यांदा गंभीरपणे मांडली गेली ती १९८४ साली, स्टर्लिंग बेकर आणि सहकाऱ्यांनी. पापणीच का, याचं कारण तिच्या रचनेत आहे. शरीरातली सर्वांत पातळ कातडी इथली, एक मिलिमीटरपेक्षाही कमी. तिच्याखाली चरबीचा थर नाही, थेट डोळा मिटणारा ऑर्बिक्युलॅरिस स्नायू. हा स्नायू रक्ताने भरलेला. सुरी लागली की तो पाझरतो, थर लाल होऊन एकमेकांत मिसळतात, आणि वरच्या पापणीत चरबीची पिशवी कुठली, पापणी उचलणाऱ्या लिव्हेटर स्नायूची पांढरी चकचकीत पट्टी कुठली हे ओळखणं अवघड होतं. लेसरने हेच थर कोरडे, वेगवेगळे दिसतात. मला विचाराल तर लेसरचा सर्वांत मोठा फायदा हाच आहे: दिसतं.

पण त्या फायद्याला मर्यादा आहे. एका डोळ्याला लेसर, दुसऱ्याला सुरी अशा तुलना झालेल्या आहेत. रक्तस्राव आणि पहिल्या आठवड्यातला काळानिळेपणा लेसरच्या बाजूला कमी असतो. काही महिन्यांनंतर दोन्ही बाजूंचे व्रण सारखेच दिसतात. "लेसरमुळे व्रणच राहत नाही" ही जाहिरात आहे. शिवाय अर्धा मिलिमीटरपेक्षा जाड रक्तवाहिनी लेसरने बंद होत नाही, म्हणून बायपोलर कॉटरी (विजेने रक्तवाहिनी डागून बंद करणारा चिमटा) ट्रॉलीवर हवीच. पेसमेकर असलेल्या पेशंटमध्ये मोनोपोलर कॉटरी (जिची वीज शरीरातून जाते) टाळायची असते, तिथे लेसर कामाला येतो, कारण शरीरातून वीज जात नाही. अर्थात बायपोलरनेही ते भागतं.

आता ज्या गोष्टीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवेन ती: डोळ्याचं रक्षण. किरण पापणीतून आरपार गेला तर पुढे कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, आहे. त्यामुळे दोन्ही डोळ्यांत धातूची ढाल बसवायची, शस्त्रक्रिया एकाच बाजूची असली तरी. डोळ्यात भुलीचा थेंब, ढालीच्या आतल्या बाजूला डोळ्याचं वंगण, मग ढाल. ती स्टेनलेस स्टीलची हवी; आतून गुळगुळीत, बाहेरून खरखरीत. बाहेरून चकचकीत असेल तर किरण परावर्तित होऊन भलतीकडे जातो. प्लॅस्टिकची ढाल कार्बन डायऑक्साइड लेसरसमोर वितळते, म्हणून ती ट्रेमध्ये ठेवायचीच नाही, म्हणजे घाईत उचलली जायचा प्रश्न येत नाही. घालण्याआधी ढालीच्या कडेवरून बोट फिरवायचं. टवका उडालेली ढाल कॉर्निया खरवडते. एकाच ठिकाणी वारंवार किरण पडला तर स्टीलही तापतं, तेव्हा ढाल हा शेवटचा अडसर समजायचा. पहिला अडसर म्हणजे कापायच्या थरामागे धरलेली ओली कापसाची काडी किंवा ओलं गॉज. पाणी किरण गिळतं, म्हणून "ओलं" हा शब्द इथे महत्त्वाचा; तेच गॉज दिव्याखाली दहा मिनिटांत सुकतं आणि मग पेट घेऊ शकतं. काम झाल्यावर ढाल काढून फ्लुरोसीन (खरचटलेली जागा दाखवणारा रंग) टाकून कॉर्निया बघायचा, मगच पट्टी.

आग हा पाठ्यपुस्तकातला धोका नाही. भुलीखाली पडलेल्या पेशंटच्या नाकात ऑक्सिजनच्या नळ्या असतात, वर कापडाचा तंबू, आत ऑक्सिजन साठलेला, आणि लेसर नाकापासून दोन-तीन सेंटिमीटरवर. लेसर सुरू करण्याआधी ऑक्सिजन बंद करायचा आणि किमान मिनिटभर थांबायचं. देणं भागच असेल तर प्रमाण ३० टक्क्यांखाली. भूलतज्ज्ञाला "लेसर ऑन" हे मोठ्याने सांगायचं, मनात नाही. चेहरा स्पिरिटयुक्त द्रावणाने पुसायचा नाही. पोव्हिडोन आयोडीन चालतं. क्लोरहेक्सिडिन डोळ्याजवळ आणूच नये, ते कॉर्नियाला जाळतं. भुवया आणि केसांची कड ओली ठेवायची, भोवती ओले टॉवेल, हाताशी सलाईनचं भांडं. खोलीतल्या प्रत्येकाला चष्मा. या तरंगलांबीला साधं पारदर्शक पॉलिकार्बोनेट पुरतं, पण त्याच खोलीत दुसरा लेसर वापरत असाल तर त्याचा चष्मा वेगळा. धूर ओढणारं यंत्र जखमेपासून दोन सेंटिमीटरच्या आत धरायचं. विषाणूजन्य चामखीळ जाळताना त्या धुरात विषाणूचे अंश असतात; नेहमीचा सर्जिकल मास्क त्याला पुरेसा नाही.

कापण्याची रीत अशी. कातडीवर खूण आधी करायची, भूल नंतर, कारण भुलीने कातडी फुगते आणि मापं चुकतात. २ टक्के लिग्नोकेन, त्यात रक्तवाहिन्या आकसवायला १:१,००,००० ॲड्रिनलिन, ३० नंबरची सुई, एका पापणीला दीड-दोन मिलिलिटर. मग दहा मिनिटं थांबायचं. ही दहा मिनिटं गाळणाऱ्यांना लेसरही वाचवत नाही. यंत्राचा लाल दर्शक किरण आणि खरा किरण एकाच जागी पडतात का हे ओल्या लाकडी पट्टीवर तपासून घ्यायचं. कार्बन डायऑक्साइड लेसर साध्या काचेच्या फायबरमधून जात नाही, तो आरशांच्या सांधेदार हातातून येतो. यंत्र एका खोलीतून दुसरीकडे ढकलताना धक्का बसला की आरसा सरकतो आणि दोन किरणांत फट पडते. पापणीवर एक मिलिमीटरची फट म्हणजे भलताच भाग कापला जाणं.

हँडपीस ०.२ मिलिमीटरच्या बिंदूचा, ताकद ५ ते ७ वॉट. कातडी दोन्ही बाजूंनी ताणलेली हवी. हात एकसारख्या वेगाने फिरवायचा. सावकाश फिरवला तर खोल जातं आणि काळं पडतं. एका फेरीत कातडी, दुसऱ्या फेरीत स्नायू. रक्त दिसलं की हँडपीस थोडा मागे घ्यायचा: बिंदू मोठा होतो, तीव्रता कमी होते, आणि कापण्याऐवजी रक्तवाहिनी आक्रसते. काळी खपली ओल्या गॉजने पुसत राहायची. खपलीत पाणी नसतं, त्यामुळे तिच्यावर पडलेला किरण नुसता तापवत राहतो, आणि उष्णता खाली झिरपते.

टाक्यांबाबत एक चूक सर्रास होते. सुरीने कापलेल्या वरच्या पापणीचे टाके पाचव्या ते सातव्या दिवशी काढतात. लेसरच्या कडा भाजलेल्या असल्याने जखमेला ताकद यायला उशीर लागतो. तेच वेळापत्रक लावलं तर जखम उघडते. सातव्या ते दहाव्या दिवसापर्यंत थांबायचं. ६-० पॉलिप्रॉपिलीनचा धागा तेवढे दिवस कातडीत निमूट राहतो.

पडलेली पापणी उचलताना, म्हणजे लिव्हेटरची पट्टी पुढे आणताना, लेसरचा खरा उपयोग दिसतो. इथे पेशंट जागा असतो, त्याला बसवून उंची मोजायची असते, आणि पापणीत रक्त साठून ती जड झाली तर मोजमाप खोटं ठरतं. कोरड्या जखमेत ही चूक कमी होते. पण ॲड्रिनलिन पापणी उचलायला मदत करणाऱ्या म्यूलरच्या स्नायूला उत्तेजित करतं, त्यामुळे टेबलावर पापणी खरी असेल त्यापेक्षा मिलिमीटरभर वर दिसते. दुसरीकडे भूल लिव्हेटरमध्ये उतरली असेल तर खाली दिसते. लेसरने रक्त थांबवलं म्हणजे हे दोन्ही परिणाम नाहीसे होत नाहीत. म्हणून औषध कमी, वरच्या थरातच, आणि टेबलावरची उंची थोडी जास्त ठेवणं. पेशंटला बसवताना लेसर स्टँडबायवर टाकायचा. फूटस्विच पायाखाली राहिलेला असतो.

काही जागा लेसरने हात लावू नये अशा. पापणीचा आतला कोपरा: अश्रुनलिका कडेपासून दोन मिलिमीटर खाली उतरून नाकाकडे वळते, आणि तिला बसलेला चरका पुढे कायमचं पाणी गळणं ठरतो. खालच्या पापणीत मधल्या आणि आतल्या चरबीच्या मध्ये डोळा फिरवणारा इन्फिरियर ऑब्लिक स्नायू आहे. तो चरबी समजून कापला गेला तर एकाचे दोन दिसू लागतात. वरच्या पापणीत बाहेरच्या बाजूला चरबीसारखं काही दिसलं तर ती अश्रुग्रंथी असते. चरबी पिवळी, ग्रंथी फिकट गुलाबी-करडी आणि घट्ट. बाहेरच्या भागात चरबीची पिशवी नसतेच, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

गाठीच्या बाबतीत माझं मत कडक आहे. पापणीवरची गाठ काय आहे हे कळल्याशिवाय लेसरने जाळायची नाही. वाफ झालेल्या गाठीची तपासणी होत नाही. लेसरने कापून पाठवली तरी कड भाजलेली असते आणि पॅथॉलॉजिस्टला ती कर्करोगमुक्त आहे की नाही सांगता येत नाही. आपल्याकडे याला विशेष वजन आहे. पाश्चात्त्य देशांत पापणीचा कर्करोग म्हणजे मुख्यतः बेसल सेल. भारतात सेबेशियस (तेल स्रवणाऱ्या) ग्रंथीच्या कर्करोगाचं प्रमाण त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. तो रांजणवाडीचं सोंग घेऊन येतो. त्याच जागी पुन्हा पुन्हा होणारी रांजणवाडी, त्या जागचे पापणीचे केस गळलेले, एकाच डोळ्याची बरी न होणारी लाली: यातलं काहीही असेल, विशेषतः वय पन्नाशीच्या पुढे असेल, तर सुरीने तुकडा काढून तपासणी. कर्करोग निघाल्यास सुरीनेच, कडा तपासत काढायचा. लेसरचा नंबर लागला तर पुनर्रचनेत, तोही जपून.

जपून म्हणजे काय, ते बघा. पापणी दोन पदरांची: पुढे कातडी आणि स्नायू, मागे टार्सस (पापणीला आकार देणारी घट्ट पट्टी) आणि आतलं अस्तर. दोन्ही पदर गेले असतील तर किमान एक पदर स्वतःचा रक्तपुरवठा घेऊन यावा लागतो, कारण सुट्या कातडीवर सुटी कातडी जगत नाही. सुटी कातडी लावायची असेल तर खालची जागा लालसर, जिवंत हवी. लेसरने ती कोरडी-तपकिरी करून ठेवली की कातडीला रक्तवाहिन्या फुटत नाहीत आणि पाचव्या-सहाव्या दिवशी ती काळी पडते. म्हणून ग्राफ्टची, म्हणजे सुट्या कातडीची, जागा सुरीने आणि कात्रीने तयार करायची. रक्त फार येत असेल तर दाबून धरायचं, दोन-तीन ठिकाणी बायपोलर. फ्लॅपच्या (स्वतःच्या रक्तपुरवठ्यासकट सरकवलेल्या कातडीच्या) देठाजवळही लेसर नाही. यावर "मग लेसर कशाला घेतला" असं कुणी म्हणालं तर त्यात तथ्य आहे; पुनर्रचनेच्या मुख्य शस्त्रक्रियेत तो अर्ध्याहून जास्त वेळ बंदच असतो.

खरी कमाई नंतर होते. ग्राफ्टची कड पायरीसारखी उंच राहते, रंग वेगळा दिसतो, फ्लॅप गादीसारखा फुगतो. सहा ते बारा आठवड्यांनी, सूज उतरल्यावर, ही पायरी लेसरने थर-थर उतरवता येते. पण अख्ख्या पृष्ठभागावर फिरवलेला लेसर कातडी आक्रसवतो. कोलॅजन साधारण ६५ अंश सेल्सिअसला आखडतं. कॉस्मेटिक कामात हेच हवं असतं. पुनर्रचित खालच्या पापणीत हाच परिणाम पापणी बाहेर उलटवतो, म्हणजे एक्ट्रोपियन. त्यामुळे आधी पापणीची ढिलाई तपासायची: चिमटीत धरून पुढे ओढली तर आठ मिलिमीटरहून जास्त सुटते का, आणि खाली ओढून सोडल्यावर पापणी न मिचकावता जागेवर येते का. ढिली असेल तर आधी बाहेरच्या कोपऱ्यात टार्सल स्ट्रिप करून, म्हणजे टार्ससची पट्टी कोपऱ्याच्या हाडाशी टाकून, ती घट्ट करायची. लेसरचा विचार त्यानंतर.

मग आखडलेल्या व्रणाला लेसर देतात ते कसं? तिथे फ्रॅक्शनल लेसर असतो. २००४ मध्ये मॅनस्टीन आणि सहकाऱ्यांनी मांडलेली ही कल्पना: सगळी कातडी न जाळता चाळणीसारखी बारीक भोकं पाडायची, मधली कातडी शाबूत ठेवायची. शाबूत कातडीतून जखम लवकर भरते, आणि जाड, एका दिशेने ताणलेल्या कोलॅजनच्या जागी नवं, विस्कळीत रचनेचं कोलॅजन येतं. व्रण मऊ पडतो, ओढ सैल होते. भाजल्यानंतरच्या किंवा अपघातानंतरच्या व्रणांत हे उपयोगी आहे. तीन ते पाच बैठका, प्रत्येक दोनमध्ये सहा ते आठ आठवडे. भोकांतून लगेच ट्रायॲमसिनोलोन हे स्टेरॉइड चोळता येतं. पापणीवर मात्र थोडंच, कारण ते कातडी पातळ करतं आणि डोळ्यात गेल्यास दाब वाढवू शकतं.

डोळा मिटत नसेल आणि कॉर्निया कोरडा पडत असेल तर ही वाट धरायची नाही. पाच बैठका म्हणजे सहा-आठ महिने, कॉर्निया तेवढं थांबत नाही. व्रण मोकळा करून, कानामागची किंवा दुसऱ्या वरच्या पापणीची पूर्ण जाडीची कातडी थोडी मोठी कापून लावायची, पापणी ताणून ठेवणारा टाका आठवडाभर. लेसर उरलेल्या खडबडीतपणासाठी.

आपल्या कातडीबद्दल एक गोष्ट ठळक सांगायला हवी. लेसरची बरीच प्रचलित सेटिंग गोऱ्या कातडीवर ठरलेली आहेत. गव्हाळ-सावळ्या कातडीला जखम झाली की ती काळी पडते, आणि डोळ्याखाली तो काळेपणा महिनोन् महिने राहतो. उपाय म्हणजे भोकांची घनता कमी, पाच टक्क्यांच्या आसपास; एका बैठकीत कमी, बैठका जास्त. एकाच जागी पल्सवर पल्स नाही, थंड हवा चालू. पापणीची जाडी लक्षात घेऊन भोकांची खोलीही कमी, कारण गालावरचं सेटिंग इथे आरपार जातं. कानाजवळच्या व्रणावर छोट्या भागात आधी लेसर करून महिनाभर बघणं ही सावधगिरी कुणालाच नको असते, पण ती घ्यावी. ऊन टाळणं, टोपी, सनस्क्रीन आधीपासून. पूर्वी ओठावर हर्पीजचं पुरळ येऊन गेलं असेल तर विषाणूविरोधी गोळ्या आदल्या दिवसापासून, कातडी भरेपर्यंत.

आत वळून डोळ्याला टोचणाऱ्या केसांसाठीही लेसर वापरतात, पण तो आर्गॉन किंवा डायोड. तो केसाच्या काळ्या रंगाला धरतो, त्यामुळे पांढऱ्या केसांवर काम होत नाही. वरच्या पापणीत केसाचं मूळ अडीच मिलिमीटरपर्यंत खोल असतं. दोन-चार केस असतील तर ठीक, तेही दोन-तीन बैठकांत. अख्खी कड आत वळली असेल तर पापणी फिरवण्याची शस्त्रक्रियाच लागते.

शेवटी घरी जाताना. डोक्याखाली दोन उशा, पहिले दोन दिवस दर तासाला पंधरा मिनिटं थंड शेक, वाकून काम नाही, बद्धकोष्ठतेत जोर नाही. ॲड्रिनलिनचा असर काही तासांत उतरतो आणि आकसलेल्या रक्तवाहिन्या पुन्हा उघडतात. लेसरने केलं म्हणून उशिराचा रक्तस्राव टळत नाही. डोळ्यामागे रक्त साठण्याची घटना दुर्मिळ आहे, साधारण दोन हजारांत एक, पण तिला वेळ नसतो. एका डोळ्यात वाढत जाणारी तीव्र कळ, डोळा पुढे येऊन दगडासारखा घट्ट लागणं, नजर अंधुक होणं: पट्टी काढायची आणि रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखान्यात. तिथे स्कॅनची वाट न बघता बाहेरचा कोपरा कापून दाब सोडायचा असतो, दीड तासाच्या आत. त्यासाठी पट्टी अशी बांधायची की पेशंटला स्वतः डोळा उघडून दिसतंय का ते बघता येईल. दोन्ही डोळे बांधून घरी पाठवू नये.